पाठीवरची भट्टी

“भट्टी उतरवल्याशिवाय मी ही गाडी नेणार नाही, सायमीमावशी. तिसऱ्यांदा सांगतोय.”

“आणि मी तिसऱ्यांदा सांगतेय, मग नेऊ नकोस.”

“अहो, गंजलेलं पिंप आहे ते! मंत्र्याच्या गाडीला मागून पिंप?”

“तुझ्या आजोबांना चार वर्षं चाललं. तुला चार महिन्यांच्या प्रदर्शनात चालेना?”

“आजोबांचा एक फोटो दाखवा मला त्या पिंपासकट. एक!”

“फोटोवाल्याला कधी मागच्या बाजूला येऊ दिलं का त्यांनी, म्हणून दिसेल?”

हे भांडण जिच्यावरून चाललं होतं ती गाडी मी बोलतेय. फिनलंडमध्ये, नुर्मियार्वी गावाच्या जरा बाहेर, सायमी कोर्पेलाच्या रिकाम्या गोठ्यात मी तेव्हा उभी होते. सन एकोणीसशे चौऱ्याण्णव, सप्टेंबर महिना. माझ्या छतावर कोंबडी बसलेली होती आणि तिला या वादाशी काही देणंघेणं नव्हतं.

सायमी पंचाहत्तर वर्षांची. पायात रबरी बूट, हातात बटाटे उकरायचा काटा. तो तिनं भांडणासाठी आणला नव्हता, पण खालीही ठेवला नव्हता. समोर उभा असलेला यार्क्को रासिला म्हणजे युद्धकाळातल्या मंत्र्याचा नातू, पन्नाशीचा, अंगावर महागडा कोट. त्याच्या शेजारी संग्रहालयाची मेर्वीबाई. ती वही उघडून उभी होती आणि काय लिहावं हे तिला कळत नव्हतं.

‘युद्धकाळातील नेत्यांच्या गाड्या’ असं प्रदर्शन भरायचं होतं. सहा गाड्या ठरल्या होत्या. पाच काळ्याभोर, आरशासारख्या. सहावी मी. रंगाचा आणि नेण्याआणण्याचा सगळा भार यार्क्को उचलणार होता, म्हणून अटीही त्याच्याच.

सायमीला नोव्हेंबरात शहरातल्या वृद्धाश्रमात जायचं होतं. शेत विकलं गेलं होतं आणि नवा मालक गोठा पाडणार होता. म्हणजे मी एक तर संग्रहालयात जाणार होते, नाही तर भंगारात. तिसरी जागा मला नव्हती.

एक कबुली आधीच देऊन टाकते. चकचकीत व्हायला मलाही आवडलं असतं. छप्पन्न वर्षांच्या बाईला कुणी नवा कोट दाखवला तर ती लगेच तोंड फिरवते, असं जे म्हणतात ते खोटं बोलतात. पण ऐका, मी कोण होते ते ऐका, आणि मग ठरवा.

माझे भाग अमेरिकेत घडले आणि कोपनहेगनच्या कारखान्यात जोडले गेले. सहा सिलिंडर, रुंद पायऱ्या, पुढे दोन मोठे दिवे. एकोणीसशे अडतीस साली बोटीतून तुर्कूच्या बंदरात उतरले तेव्हा धक्क्यावरचे हमाल काम सोडून बघत राहिले. मला ते आवडलं. मी काही साधीभोळी नव्हते.

एका सरकारी खात्यानं मला घेतलं. पहिलं वर्ष थाटाचं गेलं. पेट्रोल प्यायचं, गुळगुळीत रस्त्यांवरून जायचं, दारात उभं राहिलं की शिपाई धावत यायचा. नंतर युद्ध आलं आणि पेट्रोल रणगाड्यांकडे गेलं. रेशनिंगचं काम हेर्मान्नी रासिलाकडे आलं. मी त्याला अहोजाहो करत नाही. ज्याला चार वर्षं अंगाखांद्यावर वागवलं त्याला काय अहोजाहो करायचं?

रासिला शेतकऱ्याच्या घरातला, जाडजूड, हट्टी. त्यानं हुकूम काढला की खासगी गाड्यांना यापुढे पेट्रोल मिळणार नाही. लाकडावर चालवा, नाही तर उभ्या ठेवा. वर म्हणाला, “आधी माझी गाडी.” याबद्दल मी त्याला पूर्ण गुण देते. लोकांना उपास सांगून आपण लोणी खाणारा तो नव्हता.

मग माझ्या पाठीवर भट्टी आली. माणसाच्या उंचीचं लोखंडी पिंप. त्यात बर्चच्या नाहीतर अल्डरच्या लाकडाचे काडेपेटीएवढे ठोकळे भरायचे, खालून पेटवायचं, वरून झाकण घट्ट लावायचं. लाकूड कोंडून धुमसतं आणि त्यातून जो वायू निघतो तो गाळून इंजिनात घ्यायचा. ताकद निम्म्यावर येते. अंगाला डांबराचा वास सुटतो. मागचा बंपर कापला, डिकी कापली. मी त्या दिवशी रडले असते, पण मला तशी सोय दिलेली नाही.

माझा जुना चालक सीमेवर गेला. त्याच्या जागी आली बावीस वर्षांची सायमी. तिनं आधी दूध डेअरीची लाकडावरची लॉरी हाकली होती. खात्याच्या सचिवानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“मुलगी?” त्यानं रासिलाला विचारलं.

“ते मलाही दिसतंय,” रासिला म्हणाला. मग तिच्याकडे वळून, “पोरी, भट्टी पेटवता येते का?”

“तुमच्या घरी चूल कोण पेटवतं, मंत्रीसाहेब? पुरुष की बाई?”

लागली कामाला.

ती पहाटे पाचला यायची. आधीची राख काढायची, जाळी खरवडायची, गाळणीतली काजळी झटकायची. मग ठोकळे भरून पेटवायचं आणि हातानं पंखा फिरवत बसायचं. पंधरा मिनिटांनी नळीच्या तोंडाशी काडी धरायची. ज्योत निळी आणि स्थिर झाली की निघायला हरकत नाही. पिवळी फडफडली तर पुन्हा पंखा. इतकं होईतो तिचा चेहरा काळा झालेला असायचा. खात्यातले कारकून हसायचे. ती त्यांच्या समोरूनच, तोंड न पुसता, भाजलेल्या राय धान्याच्या नकली कॉफीचा पेला घ्यायला जायची.

हा वायू विषारी असतो. जरा गळला तरी डोकं दुखतं, जास्त गळला तर माणूस झोपतो तो उठत नाही. म्हणून सायमी थंडीतही मागची खिडकी चार बोटं उघडी ठेवायची. बाहेर उणे पंचवीस.

“खिडकी लाव!” रासिला फरकोटात गुरफटून ओरडायचा.

“लावली तर तुम्ही मराल. उघडी ठेवली तर नुसत्या शिव्या द्याल. द्या.”

तो शिव्या द्यायचा. ती मान डोलवायची.

भाषणाची तालीम तो माझ्या मागच्या सीटवर करायचा. माणूस व्यासपीठावर चढण्याआधी कसा असतो हे मला विचारा. तो “आपण सारे सोसू” हे वाक्य पाच वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघायचा. एकदा सायमीनं पुढून विचारलं, “सारे म्हणजे कोण कोण, मंत्रीसाहेब? नावं सांगता का?” त्या भाषणात त्यानं ते वाक्य म्हटलंच नाही. ते भाषण चांगलं झालं असं मी ऐकलं.

एक खोड मात्र त्याची गेली नाही. फोटोवाला दिसला की तो माझ्या पुढच्या दिव्याजवळ जाऊन उभा राहायचा, कोट सरळ करायचा आणि सांगायचा, “समोरून घ्या.” हुकूम त्याचा, भट्टी त्याच्या हुकमाची, पण फोटोत नको. मी याचा राग धरला नाही. पाहुणे आले की फाटकी बाजू भिंतीकडे करून कापड अंथरणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात. त्या बायका मंत्री नव्हत्या, इतकंच.

आता ती गोष्ट सांगते, जी बावन्न वर्षं सायमीनं कुणाला सांगितली नाही.

सन बेचाळीसचा ऑक्टोबर. तीन आठवडे पावसानं उघडीप दिली नव्हती. ओलं लाकूड भट्टीत घातलं की वायूऐवजी नुसती वाफ येते, आणि वाफेवर मी चालत नाही. रासिलाच्या शेतावर सगळं ओलं होतं. कोरडी राहील अशी एकच जागा होती, तळ्याकाठचा सौना, म्हणजे तापलेल्या दगडांच्या वाफेत अंग शेकायची लाकडी खोली. आमच्याकडे घर नसेल पण सौना असतो. गुरुवारी सायमीनं ठोकळ्यांची चार पोती सौनाच्या वरच्या फळीवर नीट रचली, खाली हलकी आग ठेवली आणि घरात सांगून ठेवलं, की या शनिवारी सौना तापवायचा नाही. तापवायचाच असेल तर पोती आधी खाली उतरवा.

शनिवारी ती आईकडे गेली. शनिवारी संध्याकाळी रासिला थकून घरी आला आणि सौनात शिरला.

शनिवार आणि सौना नाही, हे त्याच्या डोक्यात बसूच शकत नव्हतं. युद्ध असो, पाऊस असो, शनिवार म्हणजे सौना. बायकोनं दारातून सांगितलं, “अहो, सायमीची पोती आहेत वर.”

“असू देत. मला जागा पुरते.”

“ओली होतील.”

“लाकूड आहे गं, साखर नाही.”

आणि तो दोन पोत्यांच्या मधे बसला आणि तापलेल्या दगडांवर डाव भरभरून पाणी ओतत राहिला. जितकी वाफ उठली तितकी त्या ठोकळ्यांनी प्यायली. मी आवारात उभी होते. चिमणीतून धूर आणि आतून त्याचं समाधानाचं कण्हणं, दोन्ही मला ऐकू येत होतं, दिसत होतं. मला बोलता आलं असतं तर बोलले असते.

रविवारी सकाळी फोन आला. दहा वाजता तातडीची बैठक. लहान शेतकऱ्यांचे उरलेसुरले घोडे सैन्यासाठी घ्यायचा ठराव येणार होता आणि रासिला त्याच्या विरोधात बोलणार होता. त्याचे कागद तयार होते. सायमी सायकलवरून आली, पोत्यात हात घातला आणि तशीच उभी राहिली.

“हे काय?”

“काय?”

“मंत्रीसाहेब, तुम्ही सौना घेतला.”

“शनिवार होता.”

“ही पोती धुऊन काढलीत तुम्ही. यावर गाडी चालायची नाही.”

“चालव.”

तिनं अर्धा तास पंखा फिरवला. ज्योत पिवळीच राहिली. शेवटी तशीच निघालो. मी खोकत, थांबत, पुन्हा खोकत चालले. मागून पांढरी वाफ निघत होती, कपडे उकळायला ठेवल्यासारखी. सपाटीवर कसंबसं जमलं. गिरणीचा चढ आला आणि मी मधेच उभी राहिले.

खरं सांगते, मला लाज वाटली. पण नुसत्या लाजेनं चाकं फिरत नाहीत.

“उतरा,” सायमी म्हणाली. “मला चाक धरायला हवं. तुम्ही ढकला.”

मंत्री उतरला. काळा कोट, काळी टोपी, चिखल घोट्यापर्यंत. आसपास कुणी नव्हतं, फोटोवाला तर नाहीच. मी थोडी ओढत होते, तो मागून रेटत होता. “भट्टीला हात लावू नका!” सायमी खिडकीतून ओरडली. त्याच वेळी त्याचा पाय घसरला आणि तोल सावरायला त्यानं दोन्ही हात भट्टीवरच टेकले. मी त्याचा आवाज ऐकला. तो अजून माझ्या लक्षात आहे. आणि हेही लक्षात आहे, की हात काढून त्यानं खांदा लावला आणि ढकलणं सोडलं नाही.

चढ संपला. सायमीनं स्वतःच्या डोक्यावरचा रुमाल फाडून त्याचे हात बांधले.

आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजायला आले होते. घोड्यांचा ठराव झालेला होता. पंधरा दिवसांनी सायमीच्या आईचा एकुलता घोडा गेला. सायमीनंच त्याला लगाम धरून गावच्या चौकात नेलं.

खात्यात चौकशी झाली. सचिवानं लिहिलं: ‘चालकाच्या निष्काळजीपणामुळे ओले इंधन वापरले गेले.’ रासिलानं कागद वाचला. हात बांधलेले होते, म्हणून सही वेडीवाकडी आली. पण आली.

सायमीला माझ्यावरून काढलं. तिच्या जागी एक पुरुष आला, मोठ्या मिशांचा. त्यानं तीन आठवड्यांत गाळणी जाळली आणि एकदा आपण स्वतःच वायूनं बेशुद्ध पडला. डिसेंबरात रासिलानं सायमीला परत बोलावलं. माफी मागितली नाही. आमच्याकडे पुरुष ती मागत नाहीत, त्यांना ती कुठून काढायची तेच ठाऊक नसतं. पण त्या दिवसापासून दर शनिवारी सौना तापवायच्या आधी तो स्वतः वर चढायचा आणि पोती एकेक करून खाली उतरवायचा. भाजलेल्या हातांनी. सायमी दारात उभी राहून मोजायची.

“चौथं राहिलं,” एवढंच बोलायची.

युद्ध संपलं. रासिला पदावरून गेला आणि दोन वर्षांनी जगातूनही गेला. खात्यानं जुन्या गाड्या लिलावात काढल्या. पिंपवाली मंत्र्याची गाडी कुणाला हवी होती? सायमीनं घेतली. लोकांनी विचारलं, “काय करणार हिचं?” ती म्हणाली, “चालवणार. दुसरं काय करतात गाडीचं?”

अकरा वर्षं मी दुधाचे कॅन, बटाटे, बाळंतिणी आणि एकदा एक आजारी डुक्कर वाहिलं. डुकरानं मंत्र्यापेक्षा कमी कुरकुर केली. पुढे पेट्रोल मुबलक झालं, पण सायमीनं भट्टी काढली नाही. मग एके हिवाळ्यात माझ्या इंजिनाला तडा गेला आणि मी गोठ्यात आले. आधी गाईंबरोबर, नंतर कोंबड्यांबरोबर, नंतर एकटी. सायमी अधूनमधून यायची, माझ्यावरची धूळ नव्हे, भट्टीवरची धूळ पुसायची, आणि जायची. यार्क्को लहान असताना सुट्टीत आजोबांच्या शेतावर आला की इकडेही यायचा, माझं चाक धरून तोंडानं भोंगा वाजवायचा. तेव्हा त्याला भट्टी आवडायची. तो तिला आगगाडीचं इंजिन म्हणायचा. आजोबांच्या हातांवर भाजल्याचे डाग होते एवढंच त्याला घरी सांगितलं होतं, कशाचे ते नाही.

आणि आता तोच मोठा होऊन माझ्यासमोर उभा होता.

“सायमीबाई,” मेर्वी हळूच म्हणाली, “आपण असं करू का? भट्टी वेगळ्या खोलीत ठेवू. चिठ्ठी लावून.”

“लग्नातल्या नवरीला एका खोलीत आणि तिच्या पायांना दुसऱ्या खोलीत ठेवतेस का गं?”

मेर्वीनं वही मिटली.

“हे बघा,” यार्क्कोचा आवाज चढला, “देशासाठी राबलेला माणूस होता तो. लोकांनी त्याला मानानं पाहावं एवढंच मी मागतोय. तुम्हाला काय हवंय? तुमचं नाव? घालतो पाटीवर. चालक, सायमी कोर्पेला. झालं?”

“माझं नाव मला ठाऊक आहे.”

“मग कशाला अडून बसलाय? इथे सडू दे तिला? नोव्हेंबरात भंगारवाला येईल, मावशी. तुम्ही नसाल आणि तीही नसेल.”

हे खरं होतं आणि सायमीला ते ठाऊक होतं. मलाही. माझ्या छतावरची कोंबडी उडून खाली आली.

यार्क्कोला वाटलं, जिंकलो. माणसाला असं वाटलं की तो एक पाऊल जास्त टाकतो. त्यानं टाकलं.

“आणि मी चौकशीचा कागद वाचलाय बरं. बेचाळीसचा. ‘चालकाचा निष्काळजीपणा.’ आजोबांची बैठक चुकली ती कुणामुळे, ते मी पाटीवर घालत नाहीये. ते तरी लक्षात ठेवा.”

मेर्वीनं डोळे खाली घातले. सायमीनं काटा गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवला. बावन्न वर्षं ती या वाक्यासमोर गप्प बसली होती. खात्यात गप्प, चौकात घोडा देताना गप्प, रासिलाच्या अंत्यविधीलाही सगळ्यांत मागे उभी राहून गप्प.

आज मी हेलसिंकीत एका मोठ्या, उबदार दालनात उभी आहे. गंज खरवडला, तडा सांधला, काचा बदलल्या. रंग जुनाच आहे, जिथे उडाला तिथे उडालेला. भट्टी पाठीवर आहे. शेजारच्या पाच गाड्या माझ्यापेक्षा देखण्या आहेत, आणि त्या काही बोलत नाहीत. सायमी वृद्धाश्रमातून महिन्याला एकदा बसनं येते, रखवालदाराशी भांडते आणि दोरी ओलांडून झाकण घट्ट आहे का ते बघते.

तुम्ही आलात तर माझी एक विनंती आहे. आधी मागच्या बाजूला जा. पुढून पाहण्यासारखं माझ्यात जे आहे ते दोन मिनिटांत पाहून होतं. मागे जा, वाका, झाकणावरची काजळी पाहा, आणि ही रोज पहाटे कुणी साफ केली असेल असं स्वतःला विचारा. मुलांना घेऊन आलात तर त्यांना हात लावू द्या. आता ती गार आहे.

यार्क्कोही येतो. भट्टीपाशी उभा राहतो, कधीकधी बराच वेळ. पाटी त्यानंच नवी लिहून घेतली, मेर्वीला एक शब्दही बदलू न देता. त्या सप्टेंबरच्या दुपारी गोठ्यात त्याचं तोंड कशानं बंद झालं ते आता सांगते आणि थांबते. सायमी त्याच्या अगदी जवळ गेली, आणि आवाज जराही न चढवता म्हणाली:

“काढ ती भट्टी, यार्क्को, आणि लोकांनी विचारलं की मग ही गाडी चालायची कशावर, तर सांग, आमचे आजोबा मागून ढकलायचे, हात भाजेपर्यंत.”